तीन मीटर

वादी तुटली तेव्हा आवाज असा झालाच नाही. ट्राम जाईपर्यंत आम्ही दोघं कोपऱ्यावर थांबलो होतो, मी आणि कुत्री. समोरच्या खांबाचा वास घ्यायचा म्हणून ती पुढे ओढत होती, रोज ओढते तशी, आणि मग माझ्या हातातलं वजन गेलं. एवढंच. हात हलका झाला. कुत्री दोन पावलांवर उभी, गळपट्ट्याला चामड्याचा वीतभर तुकडा लोंबतोय, आणि पुढे काय करायचं हे तिलाही कळत नव्हतं. सुटल्यावर पळायचं असतं हे ती विसरली असावी, वय झालंय. ट्राम गेली. कुणाचं काही बिघडलं नाही. पण माझ्या तळपायांतून काहीतरी वर आलं, गुडघ्यांतून, पोटातून, आणि रॉटरडॅमच्या त्या फुटपाथवर, जूनच्या सकाळी सव्वादहाला, मी दोन्ही पाय फाकवून उभा राहिलो, खालची जमीन आता पुढे उसळणार म्हणून. दोर गेला की टग, जहाजं ओढणारी बोट, तशीच उसळते. मागे ओढणारं वजन अचानक नाहीसं होतं, आणि आठवडाभर कण्हणारी इंजिनं एकदम मोकळी होऊन किंचाळतात. टेबलावरच्या बशा सरकतात. झोपलेला माणूस जागा होतो, आणि जागा होण्याआधीच त्याला कळलेलं असतं.

मी वाकून तुटलेली टोकं पाहिली. चामडं सगळीकडे चांगलं होतं, जवळजवळ नवंच. फक्त जिथे कडी घासते तिथे, बोटभर जागेत, त्याचा कागद झाला होता. सहा वर्षं एकाच जागी. वादीला पुढे आणखी दोन भोकं होती. अधूनमधून कडी पुढच्या भोकात घालायची, की झीज वाटली जाते. त्या अख्ख्या रस्त्यावर हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवार, ७ जुलै १९७४.
दोन वाजता: तीन मीटर सोडला.
चार वाजता: तीन मीटर सोडला.
सहा वाजता: तीन मीटर सोडला.
खाली सही. माझी.

आमच्या कंपनीचं काम दोनच शब्दांचं, ओढणं आणि वाचवणं. वादळात कुणाचं जहाज अडकलं की धावत जाऊन ते वाचवायचं. आणि ज्या दिवशी कुणी अडकत नाही त्या दिवशी ज्याला इंजिन नाही असं काहीही, गोदी, क्रेन, भंगारात निघालेलं जहाज, जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायचं. टगच्या मागच्या कडेवरून सहाशे मीटर पोलादी दोर पाण्यात जातो, आणि दूरवर, स्वतःशी काही संबंध नसल्यासारखं, ते ओझं येत असतं. दोर जिथे लोखंडी कडेवर टेकतो तिथे तो प्रत्येक लाटेला घासतो. म्हणून दर दोन तासांनी तीन मीटर सोडायचा. घासायला नवी जागा येते, जुनी पाण्यात जाते. पाच मिनिटांचं काम. दोर गुंडाळायच्या विंचवर एक माणूस, कडेला दोघं, ग्रीसने माखलेले हातमोजे, मग वहीत एक ओळ. मी सत्तावीस वर्षांचा दुय्यम अधिकारी होतो, आणि हे काम इतक्या वेळा केलं होतं, की दोन तास झाले हे घड्याळाआधी मला दातांत कळायचं.

कमरेचा पट्टा काढून मी तो कुत्रीच्या गळपट्ट्याला बांधला आणि एका हाताने पँट धरून घरी आलो. नेल दारातच होती. माझी बायको हसते तेव्हा आधी बघून घेते, हसण्यासारखं नक्की आहे ना. "लग्नातही अशीच सैल होती," ती म्हणाली. "तेव्हा तुझ्या आईने पिना लावल्या होत्या." मी तुटकी वादी कोटाच्या खिशात टाकली. मासलाउसला जाऊन येतो म्हणालो. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कॅप्टनकडे मी महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जातो, आणि आज मंगळवार होता. पत्र टाकायचं राहिलंय, मी म्हणालो. पेटी खाली कोपऱ्यावर आहे, ती म्हणाली, एका पत्रासाठी कुणी मासलाउसला जातं का. मग तिने विचारणं थांबवलं, चीज घालून दोन पाव कागदात गुंडाळून दिले, आणि दुसऱ्या खिशावर, जिथे पत्र होतं, नुसता हात ठेवून काढला. नेलला चौऱ्याहत्तरच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आठवतो. आमच्या पिढीत तो सगळ्यांनाच आठवतो. कोण कुठे बसलं होतं, खिडकी उघडी होती की बंद, कुणाच्या काकाने रागाने कॉफीचा कप बागेत फेकला. मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, समुद्रावर होतो, नीट ऐकू आला नाही.

हे खोटं आहे. सगळं ऐकू आलं होतं.

रेल्वे बंद आहे, तिची मेट्रो होतेय म्हणे, तोवर बस. बसमध्ये एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती की या वर्षी विश्वचषकात आपली टीमच नाही, तर निदान नवरा संध्याकाळी घरात बोलेल तरी. खिडकीबाहेर गोदामं, मग गवत, मग एका बाजूला नदी आणि त्यावर एक टग, कुणाला तरी आणायला रिकामीच चाललेली, हलकी, नाक वर. मी मागच्या सीटवर बसलो होतो. मी नेहमी मागे बसतो आणि मागेच बघतो. वाहन चालू असताना मागे काय येतंय हे बघायची सवय असते आम्हाला. पुढे काय आहे ते बघणारा दुसरा कुणीतरी असतो. आमच्या वेळी तो दुसरा क्राइन पोल्डरवार्ट होता. कॅप्टन. तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा, आज अठ्ठ्याऐंशीचा, मासलाउसच्या वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्यावर, कंबरेचं हाड मोडल्यापासून पडून.

त्यांनी एकदा मला एक गोष्ट दाखवली होती. सांगितली नव्हती, दाखवली होती. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यापुढे एक मालवाहू जहाज बंद पडून खडकांकडे वाहत होतं, आणि आम्ही वाऱ्याच्या बाजूने त्याच्याजवळ जाऊन दोर फेकायला तयार उभे होतो. पण आपण फेकलेला दोर त्यांनी घ्यावा लागतो. त्या जहाजाचा कॅप्टन सुकाणूघराबाहेर उभा राहून सिगारेट ओढत होता आणि हाताने नको म्हणत होता. एक तास. दोन तास. दोर घेतला म्हणजे आपण बुडत होतो हे कबूल केलं. मी चिडलो होतो, खडक दिसत होते. क्राइन खुर्चीत बसून होते. म्हणाले, "त्याला वेळ दे, पोरा. वाचवून घेणं सोपं नसतं." तिसऱ्या तासाला त्या माणसाने सिगारेट पाण्यात टाकली आणि हात वर केला.

त्या रविवारी आम्ही पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला चाललो होतो, मागे एक तरंगती गोदी, अवाढव्य, रिकामी, दोन बाजूंना दोन भिंती आणि मध्ये काही नाही. तिच्यावर दोन माणसं. दिवे लावायला, पाणी उपसायला, आणि काही झालंच तर तिकडून दोर धरायला. त्यातला एक लीव्हन. झीलंडचा, लाल मानेचा, स्वयंपाक उत्तम, गाणं भयानक. उत्तरेचा वारा मागून होता आणि लाटा गोदीला पुढे ढकलत होत्या, त्यामुळे दोर सैल पडायचा, मग ताठ, मग सैल. अशा दिवशी दोर जास्त घासतो. हे मला ठाऊक होतं. जहाजाचं घड्याळ आम्ही मुद्दाम मायदेशाच्या वेळेवर ठेवलं होतं, कारण चार वाजता म्युनिकला अंतिम सामना सुरू होणार होता, आणि आमचा देश पहिल्यांदा तिथे पोचला होता. दुपारी बारा ते सहा पाळी माझी. कॅप्टन खाली केबिनमध्ये. रविवारी खेळ ऐकणं त्यांच्या धर्मात बसत नसे. पण त्यांनी आम्हाला मना केलं नाही, फक्त स्वतःचं दार लावून घेतलं.

रेडिओ वर सुकाणूघरात आणला होता. आवाज यायचा, जायचा, समुद्रासारखाच. गोदीवर लीव्हनकडे ट्रान्झिस्टर होता, आणि आमच्यामध्ये वॉकीटॉकी. पहिल्याच दोन मिनिटांत पेनल्टी, आमचा गोल, समोरच्या संघाचा पाय चेंडूला लागायच्या आधीच. सगळे ओरडले, आणि वॉकीटॉकीतून लीव्हन ओरडला, सहाशे मीटर मागून, एका लोखंडी भिंतीच्या टोकावरून, आणि म्हणाला, "आता कुणी जागेवरून हलायचं नाही. जो जिथे आहे तिथेच बसा. हललात तर मी येऊन मारीन." आम्ही हसलो. चार वाजून गेले होते. कडेला जाणारी दोन माणसं माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. मी म्हणालो, मध्यंतरात सोडू.

मध्यंतरापर्यंत आम्ही एक विरुद्ध दोनने मागे होतो. मध्यंतरात कडेला कुणी गेलं नाही. दुसरा अर्धा. त्यात कुणी उठेल असं वाटण्याचं कारण नव्हतं. संपलं तेव्हा एक माणूस रडत होता, आणि त्याची चेष्टा कुणी केली नाही. सहाला पाच मिनिटं होती. मी वही ओढली. दोनची ओळ खरी होती. तिच्याखाली मी आणखी दोन लिहिल्या, त्याच पेनने, त्याच अक्षरात. लिहिताना मला असंही वाटलं नाही की मी खोटं लिहितोय. दर दोन तासांनी जे होतं ते मी लिहीत होतो. सहा वाजता कॅप्टन वर आले, त्यांनी वही पाहिली, तीन, तीन, तीन, आणि मान हलवून मला जा म्हणाले. आणि मी गेलो. आठला त्यांनी सोडला असता. साडेसातला माझ्या बंकमध्ये माझ्या पायांखालचं वजन गेलं.

पुढचं मी चौकशीत नीट सांगितलं होतं, आणि ते सगळं खरं होतं. गोदी आडवी होऊन किनाऱ्याकडे चालली. कॅप्टननी टग इतकी जवळ नेली, की गोदीच्या भिंतीवरचा गंज दिसत होता. दुसरा दोर जोडायला नवा फास करायचा, म्हणून आमच्या बाजूचं तुटकं टोक मी कापलं आणि समुद्रात टाकलं. झीज त्याच टोकावर होती, पण त्या घाईत कुणीही तेच केलं असतं. हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच ते मला इतकी वर्षं उपयोगी पडलं. फेकलेली दोरी लीव्हनने दोनदा हुकवली, तिसऱ्यांदा पकडली, आणि पकडायला तो जिथवर गेला तिथून त्याला परत येता आलं नाही. दुसऱ्या माणसाला आम्ही उतरवून घेतलं. गोदी खडकांवर गेली. चौकशी मंडळाने वही पाहिली, दोर वेळेवर सोडला होता. मग वेगाची नोंद पाहिली, त्या सकाळी कॅप्टननी ताशी अर्धा मैल वेग वाढवला होता. दोष सापडला. कॅप्टन उभे राहून एवढंच म्हणाले, "टग माझी. दोर माझा." कंपनीने त्यांना पुन्हा समुद्रावर पाठवलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते दोरांच्या गोदामात होते, आलेला प्रत्येक दोर बोटांनी तपासत. मी पुढे स्वतः कॅप्टन झालो.

आणि दर वर्षी सात जुलैला लीव्हनची बायको याकोमाइन हिला क्राइन यांचं पत्र. गेल्या वर्षीपासून त्यांचा हात थरथरतो. म्हणून या वेळी त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, पलंगाशेजारच्या खुर्चीत, गुडघ्यावर ट्रे ठेवून. नेहमीची चौकशी, मुलगी कशी आहे, नातू शाळेत जातो का. मग त्यांनी सांगितलं, "लिही. जे झालं ते माझ्यामुळे झालं, याची आठवण मला रोज असते." मी लिहिलं. माझ्या अक्षरात. अक्षर अजून तसंच आहे, थोडं उजवीकडे झुकलेलं. टाकतो म्हणून खिशात घातलं, आणि बारा दिवस ते खिशातच होतं.

त्यांच्या खोलीची खिडकी नदीकडे आहे. पण पलंग असा लावलाय, की उजव्या कुशीवर असलं तरच नदी दिसते. ते उजव्या कुशीवर होते. मला पाहून त्यांना नवल वाटलं असावं, पण दाखवलं नाही. "मंगळवारी कोण मेलं?" त्यांनी विचारलं. कुणी नाही, मी म्हणालो. आणि खिशातून वादी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळ्यांनी पाहिलीच नाही. अंगठा टोकावरून फिरवला, मग मागे, मग पुन्हा टोकावर, गोदामात फिरवत तसा. बोटं थरथरत होती, पण अंगठा नाही.

"एकाच जागी," ते म्हणाले. "बाकी सगळी नवी. कुणाचं काम हे?"

"माझं."

"लाज वाटत नाही? कुठे शिकलास?"

"तुमच्याकडे."

ते हसले, खोकले. मी म्हणालो, "कॅप्टन, त्या रविवारी..." आणि त्यांनी वादी चादरीवर ठेवली. "नवी घे," ते म्हणाले. "कातडी घेऊ नकोस, नायलॉनची घे." मी पुन्हा म्हणालो, त्या रविवारी माझ्या पाळीत. ते नदीकडे बघत राहिले. म्हणाले, पाणी उतरतंय, बघ, त्या तरंगत्या बोयाची मान कशी वाकलीय. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी चादरीवरचा हात उचलून आडवा हलवला. हळू, दोनदा. तो हात मी पूर्वी पाहिला होता. ब्रिटनीपुढे, दुसऱ्या एका माणसाचा. "ते माझं आहे," कॅप्टन म्हणाले. "चव्वेचाळीस वर्षं सांभाळलंय मी ते. तू आता येऊन त्याला हात लावू नकोस." आणि मला दिसलं, की मी नेहमी समजत होतो तसा तो माणूस माझ्या ओझ्याखाली दबलेला नव्हता. त्याने त्यावर घर बांधलं होतं. गोदामातली वर्षं, पत्रं, प्रार्थना, सगळं त्यावर उभं होतं. मी बोललो तर ते पडेल. नाही बोललो तर खिशातलं पत्र जाईल, आणि मग कदाचित पुढचं पत्र नसेल.

दोन वाजता दुल्से आली. वृद्धाश्रमात काम करणारी मुलगी, केप व्हर्देची, कॅप्टन तिच्या आजोबांच्या बंदरात गेले होते म्हणून तिच्यावर त्यांचा थोडा हक्क. पलंगाच्या पायथ्याशी एक कागद टांगलेला असतो. दर दोन तासांनी माणसाला कूस बदलून द्यायची, नाहीतर एकाच जागी दाब पडून कातडी जाते, आणि त्या वयात गेलेली कातडी परत येत नाही. चला कॅप्टनसाहेब, भिंतीकडे, ती म्हणाली. त्यांनी नको म्हटलं. दुखतं, आणि तिकडे नुसती भिंत आहे. सकाळपासून तुम्ही नदीच बघताय, ती म्हणाली, ती काही पळून जात नाही. बाहेर कुणाची तरी घंटा वाजत होती, थांबत नव्हती. "लिहून टाक, पोरी," कॅप्टन म्हणाले. "फिरवला म्हणून लिही. कोण बघतंय?" तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे न बघण्याचा प्रयत्न केला. मग कागदावर वेळ घातली, खाली सही केली, आणि घंटेकडे धावली.

मी उठून कागद पाहिला. दहा, बारा, दोन. तिन्ही एकाच पेनने.

"मी फिरवतो," मी म्हणालो. बस खाली, ते म्हणाले. मी बसलो नाही. चादर काढली, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. चव्वेचाळीस वर्षांत मी त्यांना हस्तांदोलनापलीकडे कधी हात लावला नव्हता. हलके झाले होते. मोठी हाडं, आत काही नाही, दोन भिंती आणि मध्ये रिकामं. ते दात आवळून शिवी देत होते, जी रविवारी देत नसत. मी त्यांना थोडंथोडं आणलं, भिंतीकडे, ओढलं नाही, सोडलं. वजन आपोआप पुढे गेलं. कमरेच्या हाडावर, जिथे ते सकाळपासून टेकले होते, बोटभर जागा लालभडक झाली होती. आजूबाजूची कातडी पांढरी, चांगली. माझे हात त्यांच्या पाठीला आधार देऊन तसेच राहिले, कारण उशी पायाशी होती आणि हात काढला तर ते परत आले असते. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. नदी त्यांना दिसत नव्हती, मीही नाही.

"चारला मी दोर सोडला नव्हता," मी म्हणालो. "सहालाही नाही. सामना चालू होता. लिहिलं फक्त."

पाठ हलली नाही. मी तळहातांनी ऐकत होतो, जसं कडेवर उभं राहून तळपायांनी ऐकतात, आहे की गेला. श्वास येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"लीव्हन ऐकत होता का?" भिंतीकडून आवाज आला. "सामना."

"हो. पहिल्या गोलला तोच सगळ्यात मोठ्याने ओरडला. म्हणाला, कुणी हलू नका."

ते काहीतरी पुटपुटले. मग पाठ हलली, एकदा, जोरात; रडणं होतं की हसणं ते तळहातांना कळत नाही.

"पत्र टाकलंस?"

"नाही. खिशात आहे."

"सहीच्या खाली जागा आहे?"

मी आठवलं. कागदाचा तळ, त्यांची थरथरती सही, तिच्याखाली कोरं. "दोन बोटं असेल," मी म्हणालो.

"पुरे. तुझं नाव तिथे घाल. माझं खोडायचं नाही."

मी खिशाकडे हात नेणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आत्ता नको. हात काढू नकोस. चारला."